इओसिन, हिरवा एलईडी आणि हवा: उजेडावर चालणारी रिॲक्शन कॉलेजच्या प्रयोगशाळेत कशी उभी करावी

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. मराठवाड्यात टंचाई त्याआधीही होती, नंतरही आली. तरी प्रयोगशाळेत रिफ्लक्स (द्रावण उकळत ठेवून वाफ थंड करून परत आणणं) म्हटला की कंडेन्सरची एक नळी नळाला लावायची आणि दुसरी बेसिनमध्ये सोडायची, ही आपली सवय सुटत नाही. मिनिटाला एक लिटर धार धरली तरी सहा तासांच्या रिफ्लक्सला ३६० लिटर पाणी गटारात जातं, आणि एवढं करून हाती येतो ग्रॅम-दोन ग्रॅम पदार्थ. बीड, परभणी, धाराशिवच्या कॉलेजांत एमएस्सीचे प्रोजेक्ट करून घेणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडावाच.

दृश्य प्रकाशावर चालणाऱ्या रिॲक्शन मला आपल्यासाठी महत्त्वाच्या वाटतात त्या यामुळे. त्या खोलीच्या तापमानाला होतात, त्यामुळे कंडेन्सर लागत नाही आणि तापवायचं मँटलही लागत नाही. उत्प्रेरक म्हणून पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइड रंगवायला वापरतात तो इओसिन-वाय हा रंग चालतो, आणि प्रकाशासाठी इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी एलईडी पट्टी पुरते. खाली एक रिॲक्शन पहिल्यापासून शेवटपर्यंत दिली आहे. ती नीट जमली की बाकीच्या त्याच धर्तीवर करता येतात.

रंगच का, धातू का नाही

या विषयाला २००८ नंतर जोर आला तो रुथेनियम आणि इरिडियमच्या संयुगांमुळे. ती उत्तम काम करतात, पण महाग असतात आणि धातूचा अंश मालात राहतो. औषधांत तोंडावाटे जाणाऱ्या रुथेनियम, इरिडियम आणि पॅलेडियमला प्रत्येकी दिवसाला १०० मायक्रोग्रॅम अशी मर्यादा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत घातलेली आहे. वाळूज-चिकलठाण्याच्या औषध कंपन्यांत नोकरीला जाणाऱ्या आपल्या मुलांना या आकड्याशी रोजचा संबंध येणार आहे. इओसिनमध्ये धातू म्हणावा तर फक्त सोडियम, त्यामुळे ही काळजी राहत नाही.

इओसिन १८७४ मध्ये हाइनरिश कारो याने बनवला. फ्लुओरेसिनच्या सांगाड्यावर चार ब्रोमिन बसवले की इओसिन तयार होतो, आणि सगळी करामत त्या ब्रोमिनची आहे. प्रकाश शोषल्यावर रेणू उत्तेजित होतो, पण ती अवस्था काही नॅनोसेकंदांत संपते. जड ब्रोमिनमुळे रेणू ट्रिप्लेट अवस्थेत उतरतो. तिथे तो मायक्रोसेकंदांच्या हिशेबात टिकतो, म्हणजे शेजारच्या रेणूशी गाठ पडायला त्याला पुरेसा वेळ मिळतो. हा ट्रिप्लेट इओसिन दोन्हीकडून चालतो. संतृप्त कॅलोमेल इलेक्ट्रोडच्या (व्होल्ट मोजताना संदर्भाला धरतात त्या) तुलनेत +०.८३ व्होल्टने तो इलेक्ट्रॉन ओढून घेतो, किंवा −१.११ व्होल्टने देऊन टाकतो. कोणती रिॲक्शन जमेल आणि कोणती नाही, याचा पहिला अंदाज या दोन आकड्यांवरूनच बांधायचा.

इओसिन हिरवा प्रकाश खातो, साधारण ५२० ते ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा. ५३० नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा मोलमागे सुमारे २२६ किलोज्यूल भरते. बहुतेक सेंद्रिय पदार्थ हा प्रकाश शोषतच नाहीत, म्हणून ऊर्जा फक्त रंगाला मिळते आणि बाकीचा माल शाबूत राहतो. जुन्या अतिनील दिव्यांत नेमकं हेच साधत नव्हतं.

रंग विकत घेताना

बाटलीवर सी.आय. (कलर इंडेक्स, रंगांची यादी) ४५३८० हा क्रमांक पाहा, तो इओसिन-वायच्या डायसोडियम क्षाराचा आहे. सी.आय. ४५४०० म्हणजे इओसिन-बी, तो वेगळा पदार्थ आहे. अल्कोहोलमध्ये विरघळणारा इथिल इओसिनही दुकानदार कधी कधी ‘इओसिनच आहे’ म्हणून देतात, तो घेऊ नका. पॅथॉलॉजीसाठीचं तयार द्रावण तर अजिबात नको. त्यात बहुधा ॲसिटिक आम्ल असतं आणि आम्लात इओसिन मिटतो. आतल्या आत कडी बंद होऊन त्याचं रंगहीन लॅक्टोन बनतं, मग प्रकाश शोषणार कोण? रिॲक्शनच्या फ्लास्कमधला रंग आम्ल टाकताच फिका पडला तर कारण हेच समजा. इओसिनला किंचित अल्कलीधर्मी वातावरण मानवतं.

लेबलवर रंगाचं प्रमाण लिहिलेलं असतं, कधी ८० टक्के, कधी ९० टक्क्यांच्या आसपास. वजन त्याप्रमाणे वाढवून घ्या.

प्रकाशाचा डबा

पंधरा सेंटिमीटर व्यासाचं, उभ्या काठाचं ॲल्युमिनियमचं पातेलं घ्या. स्टीलचा डबा घ्यायचा असेल तर दुकानातच त्याच्या बुडाला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर तो डबा कामाचा नाही, कारण खालच्या मॅग्नेटिक स्टररचं बळ त्या स्टीलमध्येच अडकतं आणि आतला बार जागच्या जागी थरथरत बसतो.

एलईडी पट्टी १२ व्होल्टची, मीटरला ६० दिवे असलेली, फक्त हिरवी घ्या. लग्नाच्या मांडवाला लावतात ती रंग बदलणारी पट्टी नको, तिच्यात हिरव्यावर ठेवल्यावर प्रत्येक दिव्याचा एक तृतीयांश भागच जळतो. मोठ्या चिपची पट्टी मीटरला १४.४ वॅट खाते. दीड मीटर पट्टी पातेल्याच्या आतून खालपासून वर गुंडाळली की तीन वेढे बसतात आणि जवळपास २२ वॅट होतात. त्याला १२ व्होल्ट, ३ अँपिअरचा ॲडॅप्टर लावा. पट्टी कापायची ती कात्रीची खूण असते तिथेच. मागचा चिकटपट्टा उष्णतेने सुटतो, म्हणून दर वेढ्याला दोन-तीन ठिकाणी तारेने बांधा.

पातेल्याच्या बाजूला खाली दोन-चार भोकं पाडा आणि वर कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा छोटा पंखा आडवा बसवा, हवा बाहेर ओढणारा. पंख्याला कंटाळा करू नका. मे महिन्यात परभणीत बाहेर ४२-४३ अंश असताना बंद डब्यात तापमान सहज पन्नाशीच्या पुढे जाईल, आणि मग रिॲक्शन उजेडाने झाली की उकाड्याने, हे कुणालाच सांगता येणार नाही. डब्यात नुसतं विद्रावक भरलेली एक जादा ट्यूब ठेवून तिच्यात थर्मामीटर बुडवून ठेवा आणि आकडा जर्नलमध्ये लिहा. उन्हाळ्यात सकाळी सहा-सातला सुरुवात केलेली बरी.

२२ वॅट सहा तास चालवले तर वीज लागते ०.१३ युनिट. लोडशेडिंग असेल तर पट्टी सरळ १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावा, मध्ये इन्व्हर्टरची गरजच नाही. ७ अँपिअर-तासांची छोटी बॅटरी तीन तासांच्या आसपास पुरते. एवढं मात्र ध्यानात ठेवा की बॅटरी उतरत गेली की उजेडही उतरतो, म्हणून तुलना करायच्या रिॲक्शन ॲडॅप्टरवरच घ्या. डब्यावर झाकण ठेवा आणि पेटत्या पट्टीकडे टक लावून पाहू देऊ नका.

पहिली रिॲक्शन: २-नॅफ्थिलबोरॉनिक आम्लापासून २-नॅफ्थॉल

ही निवडली ती मुद्दाम. माल घन आहे आणि त्याला वास नाही. तयार होणारा २-नॅफ्थॉल प्रत्येक कॉलेजच्या कपाटात असतो, त्यामुळे टीएलसीला (पातळ थराच्या प्लेटवर ठिपके वेगळे करून पाहण्याला) खात्रीचा नमुना हाताशी राहतो. ऑक्सिडीकरण करणारं द्रव्य म्हणजे हवेतला ऑक्सिजन. बोरॉन जातं ते बोरिक आम्ल होऊन.

दहा-बारा मिलिलिटरच्या पारदर्शक बोरोसिलिकेट ट्यूबमध्ये घ्या:

२-नॅफ्थिलबोरॉनिक आम्ल ८६ मिलिग्रॅम, म्हणजे ०.५ मिलिमोल.
इओसिन-वाय डायसोडियम ३.५ मिलिग्रॅम, म्हणजे १ मोल टक्का.
ट्रायइथिलअमिन ०.३५ मिलिलिटर, म्हणजे बोरॉनिक आम्लाच्या ५ पट मोल. डायआयसोप्रोपिलइथिलअमिन असेल तर ०.४४ मिलिलिटर.
ॲसिटोनायट्राइल ४ मिलिलिटर आणि डिस्टिल्ड पाणी १ मिलिलिटर.

साडेतीन मिलिग्रॅम साध्या तराजूवर नीट येत नाही. त्यापेक्षा ३५ मिलिग्रॅम रंग १० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून त्यातलं १ मिलिलिटर घ्या, म्हणजे कृतीतलं पाणीही त्यातच आलं. हे द्रावण काळ्या कागदात गुंडाळून ठेवा.

ढवळल्यावर द्रावण लालसर-गुलाबी दिसेल आणि कडेने पाहिलं तर त्यात हिरवट-पिवळी चमक दिसेल. ट्यूबचं तोंड रबरी बुचाने बंद करून त्यात एक जाडसर सुई खोचा, म्हणजे हवा आत येत राहील. शुद्ध ऑक्सिजनचा फुगा लावू नका. ॲसिटोनायट्राइलची वाफ आणि ऑक्सिजन एकत्र आणायचं इथे काही कारणच नाही, हवा पुरते. माशांच्या टाकीचा पंप लावून बुडबुडे सोडायचे असतील तर हवा आधी विद्रावकातून जाऊ द्या, नाहीतर आपल्या कोरड्या हवेत दोन तासांत ट्यूब निम्मी रिकामी होते.

आता स्टरर जोरात फिरवा. हे सांगण्यामागे नेमकं कारण आहे. इओसिनचा मोलर शोषणांक शिखरावर लाखाच्या घरात आहे. आपलं द्रावण साधारण १ मिलिमोलर आहे, म्हणजे सेंटिमीटरला शोषण शंभराच्या आसपास जातं. गणित केलं तर शिखराजवळचा नव्वद टक्के प्रकाश काचेलगतच्या पहिल्या ०.१ मिलिमीटरमध्येच संपतो. आतल्या मालाला उजेड दिसतच नाही, तो ढवळून कडेला आणावा लागतो. ‘रिॲक्शन हळू चालली, रंग आणखी टाका’ हा सल्ला यामुळेच उलटा आहे. रंग वाढवला की तो थर आणखी पातळ होतो. वेग हवा असेल तर ट्यूब बारीक घ्या, ढवळणं वाढवा, दिवे जवळ आणा. रंग अर्धा टक्का करूनही एकदा पाहा.

दर दोन तासांनी टीएलसीची प्लेट घ्या. हेक्झेन आणि इथिल ॲसिटेट ४:१ चालतं. बोरॉनिक आम्ल खालच्या भागात शेपटी धरतं, इओसिन बेसलाइनवरच बसून राहतो, नॅफ्थॉल वर जातो. शेजारी कपाटातल्या नॅफ्थॉलचा ठिपका आणि मध्ये दोन्हींचा मिळून ठिपका द्याच. किती तास लागतील हे तुमच्या दिव्यावर ठरतं, दुसऱ्याच्या पेपरातला आकडा इथे चालत नाही. मूळ माल संपला की लगेच थांबवा, ‘राहू द्या रात्रभर’ म्हणू नका. नॅफ्थॉल स्वतः ऑक्सिडीकरणाला नाजूक आहे आणि जास्त वेळ ठेवला की प्लेटवर नको ते ठिपके उमटतात.

द्रावणाच्या रंगाकडेही लक्ष असू द्या. गुलाबी जाऊन पिवळट-हिरवं होऊ लागलं तर इओसिनचे ब्रोमिन गळत आहेत. अमिन भरपूर आणि हवा कमी असली की हे होतं. सुई बुजली आहे का पाहा.

आत काय घडतं

ट्रिप्लेट इओसिन अमिनकडून एक इलेक्ट्रॉन घेतो. ऋणभारित झालेला इओसिन तो इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देऊन पुन्हा पूर्ववत होतो आणि ऑक्सिजनचं सुपरऑक्साइड बनतं. बोरॉनकडे एक रिकामी कक्षा असते, सुपरऑक्साइड तिथे जाऊन बसतं. मग नॅफ्थिल गट बोरॉनवरून ऑक्सिजनवर सरकतो आणि पाण्याने बोरॉन सुटा होतो. इओसिनच्या जागी मिथिलीन ब्लू आणि लाल दिवा घेऊनही ही रिॲक्शन होते. मुलांना दोन्ही शेजारी-शेजारी करून दाखवली की दिव्याचा रंग आणि रंगद्रव्याचं शोषण यांचं नातं पुन्हा समजवावं लागत नाही.

माल वेगळा करणं

यात थोडासा हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार होतो, म्हणून आटवण्याआधी पोटॅशियम आयोडाइड-स्टार्चचा कागद लावा. निळा झाला तर सोडियम सल्फाइटचं थोडं द्रावण टाकून पुन्हा तपासा.

नंतर १० मिलिलिटर पाणी घाला आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच २ च्या आसपास आणा. अमिन क्षार होऊन पाण्यात राहतं. इथिल ॲसिटेटने दोनदा काढा. आम्लात इओसिन इथिल ॲसिटेटमध्ये येतो, थर नारिंगी-पिवळा दिसला तर घाबरू नका. आता हा थर सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणाने धुवा. सेपरेटिंग फनेल हलवताच खालचा थर एकदम गुलाबी होऊन चमकू लागतो, कारण इओसिन आपला क्षार होऊन पाण्यात उतरलेला असतो. नॅफ्थॉल दुबळं आम्ल आहे, त्याचा पीकेए (आम्लाचा जोर दाखवणारा आकडा) ९.५ च्या आसपास असल्याने बायकार्बोनेट त्याला हात लावत नाही. खालचा थर रंगहीन येईपर्यंत धुतलं की बरेचदा कॉलमवर रंगाचा त्रास उरत नाही.

मिठाच्या पाण्याने धुवा, सोडियम सल्फेटवर सुकवा, आटवा. छोट्या सिलिका कॉलममधून काढा किंवा पाणी-इथेनॉलमधून स्फटिक करा. पूर्ण माल हाती आला तर ७२ मिलिग्रॅम भरायला हवा. द्रवणांक १२१ ते १२३ अंश. बेंझिनडायझोनियमच्या थंड द्रावणाने अल्कलीत नारिंगी-लाल रंग येतो, ती चाचणी बीएस्सीपासून ओळखीची आहे. आयआरवर एकट्यावर विसंबू नका, कारण बोरॉनिक आम्लालाही ओएचचा रुंद पट्टा असतो. एनएमआरसाठी नमुना विद्यापीठात पाठवायचा असेल तर या सगळ्या चाचण्या झाल्यावरच पाठवा, म्हणजे फी वाया जात नाही.

अंधाराची ट्यूब

सोयीचं नाही म्हणून हे काम बरेच जण सोडून देतात. माझ्या मते एमएस्सीच्या प्रोजेक्टमधला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे. मूळ रिॲक्शनबरोबर आणखी चार ट्यूब लावा: एक ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळलेली, एक रंगाशिवाय, एक अमिनशिवाय, आणि एक नायट्रोजन वीस मिनिटं सोडून बंद केलेली. फॉइलची ट्यूब त्याच डब्यात, त्याच तापमानाला हवी. ती कपाटात ठेवली तर उकाड्याचा परिणाम कळणार नाही. चार ट्यूब मधल्या ट्यूबभोवती गोलात, पट्टीपासून सारख्या अंतरावर बसवा. कडेच्या ट्यूबमधले बार नीट फिरत नसतील तर एकेक करून मध्ये ठेवून चालवा.

एक गोष्ट संशोधक विद्यार्थ्यांसाठी. दिवा लावला की उत्पादन वाढतं, बंद केला की थांबतं, असा पायऱ्यांचा आलेख देऊन ‘साखळी रिॲक्शन नाही’ असं अनेक पेपरांत लिहिलेलं दिसतं. ते सिद्ध होत नाही. साखळी सेकंदाच्या अंशात संपत असेल तर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या आलेखात ती दिसणारच नाही. त्यासाठी क्वांटम यील्ड, म्हणजे शोषलेल्या एका फोटॉनमागे किती रेणू तयार झाले, ते मोजावं लागतं.

जर्नलमध्ये दिव्याची तरंगलांबी, वॅट, ट्यूबपासूनचं अंतर, काचेचा प्रकार आणि आतलं तापमान लिहा. ‘हिरव्या एलईडीखाली ठेवलं’ एवढ्यावर दुसऱ्या कॉलेजात कुणालाही ती रिॲक्शन पुन्हा करता येणार नाही.

गच्चीवरचं ऊन

इटलीतल्या बोलोन्याचा जाकोमो चामिचान आपल्या संस्थेच्या गच्चीवर फ्लास्कच्या रांगा उन्हात ठेवायचा. सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या रासायनिक कारखान्यांचं चित्र त्याने १९१२ साली न्यूयॉर्कच्या भाषणात मांडलं होतं. ऊन तर आपल्याकडे बोलोन्यापेक्षा किती तरी जास्त.

उन्हात ही रिॲक्शन होते आणि झपाट्याने होते. पण बोरोसिलिकेट काच सुमारे ३०० नॅनोमीटरच्या पुढचं सगळं आत सोडते, त्यामुळे अतिनीलही येतं आणि नॅफ्थॉलचं नुकसान होतं. ट्यूब सोडियम नायट्राइटच्या संपृक्त द्रावणाच्या बीकरमध्ये उभी केली तर ४०० नॅनोमीटरच्या खालचं अडतं आणि ट्यूब थोडी गारही राहते. नायट्राइट विषारी आहे, बीकरवर ठळक लेबल लावा आणि आम्ल जवळ आणू नका. हिवाळ्यातली सकाळी दहा ते दुपारी दोन ही वेळ उत्तम. ढग, धूळ, महिना यांनी निकाल बदलतो, म्हणून आकडेवारी एलईडीवर घ्यावी आणि मोठ्या प्रमाणातला माल उन्हात करावा, असं मला वाटतं.

हिरवी (पर्यावरणाला जपणारी) म्हणायची, तर वजन करून

८६ मिलिग्रॅम मालाला आपण २५० मिलिग्रॅमच्या वर अमिन घातलं आहे. हे लपवू नये. रॉजर शेल्डनने १९९२ मध्ये मांडलेला ई-फॅक्टर काढा: टाकाऊ पदार्थाचं वजन भागिले मिळालेल्या मालाचं वजन. विद्रावक धरून एकदा आणि सोडून एकदा. मग सुधारणा सुरू करा. अमिन ५ पटीवरून ३, मग २. ॲसिटोनायट्राइलच्या जागी इथेनॉल-पाणी. आकडा कुठपर्यंत खाली येतो आणि वेळ किती वाढतो, याची कोष्टकं भरणं हा एका वर्षाचा चांगला प्रोजेक्ट आहे, आणि त्याला महागडं एकही उपकरण लागत नाही.

पुढच्या रिॲक्शन

थायोइथरपासून सल्फॉक्साइड करायचं असेल तर रोझ बेंगाल घ्या, मिथेनॉलमध्ये, याच हिरव्या दिव्याखाली. त्यात आयोडीन असल्याने तो सिंगलेट ऑक्सिजन (ऑक्सिजनचं जास्त क्रियाशील रूप) फार चांगला बनवतो. २०११ मध्ये हरी आणि क्योनिग यांनी इओसिनने टेट्राहायड्रोआयसोक्विनोलिनवर नायट्रोमिथेन जोडून दाखवलं, तीही करण्याजोगी आहे. त्याच दोघांनी पीटर श्रोल यांच्यासह २०१२ मध्ये डायझोनियम क्षार वापरून फ्युरान, थायोफिनवर ॲरिल गट बसवला. ती सुंदर आहे, पण कोरडे डायझोनियम क्षार स्फोटक ठरू शकतात, म्हणून अनुभवी शिक्षक शेजारी उभे असल्याशिवाय नको. साध्या क्लोरोबेंझिनचा बंध तोडण्याची आशा इओसिनकडून धरू नका, तेवढा जोर त्याच्यात नाही.

प्रमाण वाढवताना मोठा फ्लास्क घेऊ नका, ०.१ मिलिमीटरचं गणित तिथे आडवं येतं. टेफ्लॉनच्या जातीची पारदर्शक बारीक नळी काचेच्या बरणीभोवती गुंडाळा, ती याच डब्यात ठेवा आणि द्रावण सावकाश ढकला. सलाइनची नळी घेऊ नका, ॲसिटोनायट्राइल तिच्यातलं प्लास्टिसायझर ओढून घेतं आणि ते थेट मालात येतं.

गुलाबी बायकार्बोनेटचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. इओसिन उजेडात ज्या कारणाने काम करतो, त्याच कारणाने तो पाण्यातल्या जिवांनाही बाधतो. ते एका कॅनमध्ये साठवा, आधी हळूहळू आम्ल घालून फेस बसू द्या, मग ॲक्टिव्हेटेड चारकोल टाकून ढवळून ठेवा. गाळल्यावर रंग उरला तर चारकोल पुन्हा टाका. गाळलेला चारकोल घन कचऱ्याच्या बाटलीत जातो, आणि ॲसिटोनायट्राइल असलेली धुणी वेगळ्या, लेबल लावलेल्या कॅनमध्ये.